सावित्रीबाईंची जयंती करतो, पण नाशिकच्या बायका कुठं आहेत?

गोदाकाठची

आमच्या गंगापूर रोडवरच्या वाचनगटातर्फे ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होते. प्रतिमेला हार, शाळेतल्या मुलींची भाषणं, मग चहा. भाषणं ऐकताना मला एक गोष्ट सारखी खटकते. प्रत्येक मुलगी शेण-चिखल आणि पिशवीतली दुसरी साडी इथवर येते आणि थांबते. १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा झाली की सावित्रीबाई संपल्या.

खरं तर तिथून पुढं त्यांचं काम वाढत गेलंय. १८६३ मध्ये जोतीरावांसोबत बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं त्यांनी केली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (अंत्यविधीचं मडकं) धरून त्या स्वतः पुढं चालल्या. १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. अंगावर आलेलं शेण त्यांनी सोसलं, पण हे सगळं त्यांनी केलं. आपण मुलींना फक्त सोसलेलं का शिकवतो?

दुसरी गोष्ट. स्त्रीसुधारणा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं पुणं येतं. फार तर मुंबई आणि पंडिता रमाबाईंचं केडगाव. जणू नाशिकच्या बायका तेव्हा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, धुणी धूत बसल्या होत्या. म्हणून यंदा कार्यक्रमात नाशिक शहर आणि जिल्हा एवढाच विषय घ्यायचा विचार आहे.

माझ्याकडून पहिलं नाव रमाबाई रानडे. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांची १८७८ च्या सुमारास नाशिकला बदली झाली आणि पुण्याच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या नजरेपासून लांब, इथं त्यांना पहिल्यांदा जरा मोकळा श्वास मिळाला. लोकांसमोर उभं राहून त्या पहिल्यांदा बोलल्या त्या इथंच, नाशिक हायस्कूलच्या समारंभात. पुढं सेवासदन उभं करणाऱ्या, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या बाईंचा आवाज पहिल्यांदा आपल्या गावात फुटला. याची आठवण गावात कुठं दिसते का?

तुम्हाला माहीत असलेली नावं, प्रसंग, घरात ऐकलेलं, सगळं लिहा.

अबोली

धागा आवडला. एक शंका विचारते. रमाबाईंचं नाशिकचं ते पहिलं भाषण माधवरावांनीच लिहून दिलं होतं ना? नवऱ्यानं लिहून दिलेला कागद बायकोनं वाचला, यात बायकोचा आवाज किती? मला ही सगळी पिढी नवऱ्यांनी घडवलेली वाटते. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं, रानड्यांनी रमाबाईंना, गोपाळरावांनी आनंदीबाई जोशींना. बायकांचा लढा म्हणायचा तर तो सुरू कुठून झाला?

आडगावकर_सर

अबोलीताई, प्रश्न रास्त आहे, पण कागद कुणी लिहिला एवढंच बघून चालणार नाही. तो वाचल्याची किंमत कुणी चुकवली तेही बघा.

माधवराव कचेरीत जायचे. दिवसभर त्या घरात राहायच्या रमाबाई. नाशिकनंतर पुण्यात परतल्यावर सासू, नणंद आणि घरातल्या इतर बायकांनी काय काय केलं ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. इंग्रजी शिकवायला मिशनची बाई येई. तिची शिकवणी झाली की आंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना घरात शिवाशिव करता येत नसे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला. त्या सभांना जायला लागल्यावर घरात बोलणं टाकणं, टोमणे, पंगतीत वेगळं वागवणं हे रोजचं झालं. नवऱ्याचा पाठिंबा होता, पण नवरा माजघरात येऊन त्यांच्या बाजूनं भांडत नव्हता. ते त्यांचं त्यांनाच निभवावं लागलं.

आणि १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्यानंतर लिहून देणारं कुणी नव्हतं. पुण्याचं सेवासदन १९०९ चं आहे. विधवांना, टाकलेल्या बायकांना परिचारिकेचं, शिक्षिकेचं शिक्षण देऊन पायावर उभं करण्याचं काम त्यांनी वैधव्यात केलं. त्या काळी विधवेनं घराबाहेर पडून चारचौघांत बसणं म्हणजे काय होतं, ते आपल्या आज्यांना विचारा.

तुमचा मुद्दा एका बाबतीत पटतो. याच काळात ताराबाई शिंदे होत्या, बुलढाण्याच्या. १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच नावं ठेवायला सुरुवात केली, त्या रागातून. ते पुस्तक कुणा नवऱ्यानं लिहून दिलेलं नाही. फक्त जोतीराव तेवढे उघडपणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. बाकीच्यांनी इतकं झोडपलं की बाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही.

शरणपूर_रोड

नाशिकचा विषय आणि अजून लक्ष्मीबाई टिळकांचं नाव नाही?

जन्म १८६८, जलालपूर. गंगापूरच्या पुढं, गोदेच्या काठावर. माहेरच्या गोखल्यांची मनू. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. घरातल्या बायका-मुलींचा दिवस त्या धुण्यात जाई. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या गळ्यात पडली. माणूस कवी, मनस्वी, कधी कुठं निघून जाईल याचा नेम नाही.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं काय झालं असेल याचा विचार करा. नवरा जिवंत आहे, पण धर्माच्या हिशेबानं गेलेला. हातात लहान मुलगा. विधवाही नाही आणि सवाशीणही नाही. जवळजवळ पाच वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. आणि मग परत नवऱ्याकडं गेल्या, ते त्याच्या धर्मात शिरायला नव्हे. गेल्यावरही स्वतःचं सोवळं सांभाळत राहिल्या. जातिभेद मनातून गेला तो आपल्या विचारानं, आपल्या वेळेला. आधी तो गेला आणि मग १९०० साली बाप्तिस्मा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली, असं लोक सहज म्हणून जातात. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलं की कळतं, ही बाई एकेक पायरी स्वतः चढलीय.

दुष्काळात अनाथ मुलं सांभाळली, प्लेगच्या छावणीत काम केलं. टिळकांच्या मागं त्यांचं अपुरं राहिलेलं, येशूच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन' पुढं नेलं, आणि त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंचा आहे. शाळेत न गेलेल्या बाईनं.

अबोली

'स्मृतिचित्रे' मलाही खूप आवडतं. पण लक्ष्मीबाईंना सुधारक म्हणायचं का? संस्था काढली नाही, चळवळ केली नाही, सभा गाजवल्या नाहीत. उत्तम लेखिका, थोर बाई. सुधारक?

शरणपूर_रोड

संस्था काढली तरच सुधारक, असं का? घरात नवरा कसा वागतो, संतापून भांडी कशी फेकतो, आपण कशा चिडतो, पुन्हा कशा समजूत घालून घेतो, हे मराठीत एका बाईनं आपल्या नावानं, लपवाछपवी न करता लिहिलं. तेही १९३० च्या दशकात. पतीला देव मानायच्या काळात पती माणूस म्हणून दाखवला. आणि कुठंही रडगाणं नाही. माझ्या आईनं ते पुस्तक बाळंतपणात वाचलं होतं. ती म्हणायची की त्यानंतर वडिलांशी बोलताना तिचा आवाज बदलला. एका घरात का होईना, सुधारणा झालीच की.

पंचवटीकर

एक नाव राहिलं. येसूवहिनी सावरकर, म्हणजे बाबाराव सावरकरांच्या पत्नी. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी नाशिकात आत्मनिष्ठ युवती संघ काढला. बायका जमायच्या, देशभक्तीची गाणी म्हणायच्या, परदेशी वस्तू न वापरण्याची शपथ घ्यायच्या. पुढं १९०९ मध्ये बाबारावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, घरादारावर जप्ती आली. लोक ओळख दाखवायला घाबरत, तेव्हाही या बायका एकमेकींना धरून होत्या. १९१९ मध्ये येसूवहिनी गेल्या. नवऱ्याची भेट शेवटपर्यंत झाली नाही. आमच्या आजी त्यांचं नाव काढलं की पदर डोळ्याला लावायच्या.

नालंदा

पंचवटीकर काका, येसूवहिनींच्या सोसण्याबद्दल आदरच आहे. पण स्वदेशीची शपथ हा देशाचा लढा झाला. बाईच्या सुटकेचा नाही. परदेशी बांगडी फोडून देशी भरली तरी विधवेच्या हातातली बांगडी फुटायची ती फुटतच होती.

आणि धाग्यात इतके प्रतिसाद झाले तरी काळाराम मंदिराचा, दलितांच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाचा, विषय निघाला नाही, हेच मला सांगायचं होतं.

२ मार्च १९३०. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक काळारामाच्या दिशेनं गेली. त्यात पाचशेच्या आसपास बायका होत्या. दरवाजे बंद होते म्हणून मिरवणूक गोदेच्या घाटावर गेली आणि तिथं सभा झाली. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चारी दरवाजांवर सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली. १२५ पुरुष आणि २५ बायका. पुढं रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला आणि बायका शेवटपर्यंत त्यात होत्या.

या पंचवीस जणींपैकी किती नावं आपल्याला येतात? माझी पणजी त्या मिरवणुकीत चालली होती असं घरात सांगतात. ती दिवसा दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. सत्याग्रहाला बसायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. घरी आल्यावर सासू म्हणाली, "देवळात जाऊन काय पोट भरणार हाय?" पणजीचं उत्तर घरात अजून सांगतात. "देवळात जायाचं न्हाई, आडवलेल्या दारात जायाचंय." तिला सही येत नव्हती. पण बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आजीला शाळेत घातलं, आणि आजीनं आईला बी.ए. केलं. आमच्या घरात स्त्रीसुधारणेचा इतिहास हा एवढा आहे.

वर रमाबाईंच्या शिकवणीनंतरच्या आंघोळीचं आलंय. वाचून वाईट वाटलं. पण त्याच नाशिकात आमच्या बायकांना रामकुंडाच्या पाण्याला हात लावता येत नव्हता. केशवपन, सोवळं हे प्रश्न खरेच होते, पण ते मोजक्या घरांचे होते. शेतात, खडीवर राबणाऱ्या बाईला पुनर्विवाहाची बंदी नव्हती. तिला पाणी आणि रोजगार नव्हता. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषद भरली, तिला पंचवीस हजार बायका होत्या. शाळेच्या पुस्तकात तिच्यावर एक ओळ तरी आहे का?

आता नाशिकचं सगळ्यात मोठं नाव. शांताबाई दाणी. जन्म नाशिकचा, १९१९ चा. गरिबीत शिकल्या, दादासाहेब गायकवाडांसोबत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या पक्षाच्या कामात उतरल्या, १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. लग्न केलं नाही. गावोगाव फिरून सभा घेतल्या. मुक्काम करायचा तो वस्तीत, जेवण मिळेल ते. १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होत्या. मुलींच्या शिक्षणाचं, वसतिगृहाचं काम आयुष्यभर केलं. आत्मकथनाचं नाव 'रात्रंदिन आम्हा'. तुकोबांच्या ओळीतलं पुढचं 'युद्धाचा प्रसंग' मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

एकटी बाई, त्यात दलित, त्यात राजकारणात. तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं असेल! ज्या मुली त्या वसतिगृहात राहून शिकल्या त्या आज शिक्षिका आहेत, नर्स आहेत, कचेऱ्यांत आहेत. गोदाकाठचीताई, तुमच्या कार्यक्रमात एकच नाव घ्यायचं असेल तर शांताबाईंचं घ्या.

पंचवटीकर

नालंदा, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. तरी येसूवहिनींबद्दल माझं मत कायम आहे. ज्या काळात सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला कारण लागायचं, तेव्हा बायकांनी बायकांचा संघ काढून ठराविक दिवशी जमणं हीच मोठी गोष्ट होती. एकदा बाई घराबाहेर जमायला लागली की ती फक्त देशाबद्दल बोलत नाही. शांताबाईंचं नाव पहिलं घ्यावं, याला मात्र पूर्ण अनुमोदन. त्यांची भाषणं मी ऐकली आहेत. आवाज खणखणीत. माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा.

निफाडची_लेक

रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते, कारण सगळे शहराचंच बोलताय. जिल्ह्याचं मी सांगते.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६, चांदवड. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन. लाखांनी बाया आल्या होत्या. माझी आई गेली होती. लाल कांदा काढणीला आलेला, घरात लहान पोरं, आणि आजी दारात उभी राहून म्हणत होती, "बाया कधी सभेला जात्यात का?" आईनं पहाटे उठून भाकऱ्या बडवल्या, ठेचा केला, फडक्यात बांधलं आणि गावातल्या बायांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. तोपर्यंत ती माहेर, सासर आणि वणीची यात्रा सोडून कुठं गेली नव्हती.

ती सांगते, तिथं उघड्या रानात बाया बसल्या होत्या, जिकडं बघावं तिकडं पदर. एकेक बाई उठून बोलायची. नवरा दारू पितो. दिवसभर राबून हातात पैसा येत नाही. कांद्याला भाव नाही आणि त्याचा राग आमच्या पाठीवर निघतो. आईला वाटायचं हे तिचं एकटीचं नशीब आहे. तिथं कळलं की घरोघरी तेच आहे. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या बायांनी लढवायच्या, असं तिथं ठरलं. तेव्हा आरक्षण नव्हतं, ते १९९० च्या दशकात आलं. आज आमच्या गावची सरपंच बाई आहे, आणि लोक म्हणतात सरकारनं दिलं. बायांनी आधी मागितलं होतं, हे कुणी सांगत नाही.

पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावानं करायचा. वडिलांनी आईच्या नावावर जमीन केली. सातबारावर आपलं नाव बघायला आई तलाठ्याकडं गेली होती. वाचता येत नव्हतं, म्हणून तलाठ्याला बोट ठेवून दाखवायला लावलं.

पण त्याच घरातली दुसरी गोष्टही सांगायला पाहिजे. आजोबा गेले. दहाव्याला गंगेवर सगळे जमले. आत्या सासरहून आलेल्या, रडून डोळे सुजलेले. तेराव्याच्या आत हक्कसोडीचा, म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याचा, कागद तयार होता. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघी आत्यांना नेलं. थोरल्या आत्यानं एवढंच विचारलं, "एवढी घाई काय आहे?" तर काका म्हणाले, "भाऊबीजेला यायचंय ना तुला?" संपलं. दोघींनी अंगठे दिले. घरी आल्यावर दोघींना साड्या. ज्या वडिलांनी बायकोला जमीन दिली, ते तिथंच उभे होते आणि बहिणींसाठी एक शब्द बोलले नाहीत. बायकोला दिलेली जमीन घरातच राहते. बहिणीला दिलेली बाहेर जाते. हिशेब एवढाच.

माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी सही केली नाही. भाऊ तेव्हापासून बोलत नाही. गावात लोक म्हणतात, माहेर मोडलं हिनं. आई फोन करते, पण भाऊ घरात नसताना. मला द्राक्षाची बाग नको होती. माझं नाव पाहिजे होतं.

सावित्रीबाई, रमाबाई यांना घरच्यांनीच विरोध केला तेव्हा त्यांच्या मनाचं काय झालं असेल, ते मला या कागदापायी कळलं. कार्यक्रमात हे बोलता येईल का?

कोर्टकचेरी

निफाडताई, तुमच्यासारख्या बायका माझ्याकडं येतात, पण बहुतेक वेळा सही करून झाल्यावर. म्हणून कायद्याचं थोडं इथं लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क मांडला. ते रखडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागचं एक मोठं कारण हे. १९५६ चा कायदा आला, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मानं वाटेकरी, झाली नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दुरुस्ती केली, तीही २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. वडील २००५ ला हयात होते की नव्हते यावर कोर्टांत वर्षानुवर्षं वाद चालला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उकरता येत नाहीत.

म्हणजे लग्न झालं, हुंडा दिला, मुलीला शिकवलं, म्हणून हिस्सा संपत नाही. तो संपतो बहुतेक वेळा बाईच्याच सहीनं. हक्कसोडपत्र नोंदवलेलं असावं लागतं. कचेरीत नेलं तर कागद आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर कधीही सही-अंगठा देऊ नका. वारसनोंदीच्या फेरफारात तुमचं नाव आलं का ते तलाठ्याकडं जाऊन बघा, नसेल तर लेखी हरकत द्या. दुखवट्याच्या दिवसांत सही मागितली तर "नंतर बघू" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्र्यंबकवासी

नालंदांनी काळारामाचं लिहिलं म्हणून आमच्या त्र्यंबकचं सांगतो. १९३० च्या त्या दरवाज्यानंतर २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पुन्हा देवळाच्या दारात बायका उभ्या होत्या. १ एप्रिल २०१६ ला विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की जिथं पुरुष जाऊ शकतो तिथं बाईला अडवता येणार नाही. १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा होताच, फक्त बायकांसाठी तो कुणी वापरला नव्हता. इथं काय झालं? गर्भगृहात बायकांना घेण्याऐवजी पुरुषांनाही बंदी केली. मग सकाळचा एक तास ठरवला, ओल्या वस्त्रांची अट घातली. शेवटी त्याच एप्रिलमध्ये काही जणी आत गेल्या.

त्या दिवसांत गावातल्या बायकाच जास्त विरोधात होत्या, हे मी बघितलंय. माझी वहिनी म्हणायची, "आपल्याला कशाला हवंय आत जायला?" तिला दोष देत नाही. आडगावकर सरांनी रमाबाईंच्या घरातल्या बायकांचं लिहिलंय ते वाचताना तिची आठवण झाली. जिला जे कधी मिळालंच नाही, ते मागणारी दुसरी बाई तिला आगाऊ वाटते.

अबोली

नवऱ्यांनी घडवलेली पिढी म्हणून मी सुरुवात केली होती. निफाडताईंचं वाचल्यावर आता दुसराच प्रश्न पडलाय. रमाबाईंना नवऱ्याची साथ होती, सासू-नणंद विरोधात. निफाडताईंच्या आईला नवऱ्यानं जमीन दिली, पण त्याच माणसानं बहिणींना वाऱ्यावर सोडलं. सुधारणा नवऱ्यापर्यंत येते आणि भावापाशी अडते, असं काही आहे का? यावर कुणी काम केलंय का?

कोर्टकचेरी

अबोली, माझ्या कामापुरतं सांगते. बायकोचं नाव लावायला तयार असलेले पुरुष आता बरेच येतात. बहिणीचं नाव आपणहून लावायला आलेला भाऊ क्वचित. आला की मी त्याला बसवून चहा पाजते.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढताना मला नावं हवी होती, त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं.

कार्यक्रमाचा आराखडा असा करतेय. सुरुवात शांताबाई दाणींपासून. नालंदा, तुम्ही 'रात्रंदिन आम्हा' मधला उतारा निवडाल का? पणजींचं ते वाक्यही तुमच्याच तोंडून यावं. शरणपूर_रोड, जलालपूरच्या घरातलं सोवळं आणि तिथून बाप्तिस्म्यापर्यंतचा प्रवास तुम्ही सांगा. रमाबाई रानडे मी घेते, नाशिक हायस्कूलच्या त्या भाषणासकट. पंचवटीकर काका, येसूवहिनींवर तुम्ही बोला आणि नालंदांचा आक्षेपही मांडू द्या, तिथंच चर्चा होऊ दे. चांदवड आणि हक्कसोड हा भाग सगळ्यात मोठा ठेवूया. निफाडताई, बोलता येईल का म्हणून विचारलंत, तुमच्याशिवाय हा कार्यक्रम करायचाच नाही. कोर्टकचेरीताईंनी शेवटी अर्धा तास बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत.

सावित्रीबाईंवर मुलींची भाषणंही होतील, पण या वेळी त्यांना १८६३ पासून पुढचं तयार करायला सांगितलंय.

निफाडची_लेक

मी बोलेन. पण एक सांगू का ताई? गंगापूर रोडला आमच्या बाया येणार नाहीत. जानेवारीत बागांत काम जोरात असतं, सुट्टी घेतली की रोज बुडतो, आणि शहरातल्या हॉलमध्ये त्यांना बसायला संकोच वाटतो. हक्कसोडीचं ऐकायची गरज त्यांनाच आहे. तुम्हीच इकडं या. आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर मोठा पार आहे. संध्याकाळी सहानंतर ठेवा, बाया कामावरून येऊन, भाकरी टाकून येतील. आईपण येईल. खुर्च्या लागणार नाहीत, सतरंज्या आमच्याकडं आहेत. फक्त वकीलताईंना नक्की आणा.

कोर्टकचेरी

मी येते. कोऱ्या हरकत अर्जाचे नमुने मराठीत छापून आणते.

गोदाकाठची

ठरलं. ३ तारखेचा हार-चहा इथं शाळेत सकाळी होईल आणि संध्याकाळी आम्ही सगळे निफाडकडं. शहरातून येणाऱ्यांनी गाड्यांसाठी मला निरोप करावा.